मोठ्यांच्या आयसीयूतून लहानग्यांच्या हृदय-रक्त वॉर्डात: नजर कुठे ठेवायची?

रात्रपाळी
सहा वर्षं मोठ्यांच्या आयसीयूत काढली. येत्या सोमवारपासून मुलांच्या वॉर्डात बदली झालीय. एका बाजूला जन्मजात हृदयविकाराची तान्ही, दुसऱ्या बाजूला रक्ताचे आजार: थॅलेसेमिया, सिकल सेल, हिमोफिलिया, ल्युकेमिया. पुस्तकं उघडून बसलेय, पण पुस्तकात सगळंच सारखं महत्त्वाचं दिसतं. मोठा माणूस 'छातीत दुखतंय' म्हणून सांगतो तरी. दोन महिन्यांचं बाळ काय सांगणार? ज्यांनी अशा वॉर्डात दिवस काढलेत त्यांनी लिहा, आत शिरल्यावर आधी काय बघता? घरी अशी मुलं सांभाळणाऱ्या आईबाबांनीही लिहा.

जुनी_सिस्टर
आधी दूध पिताना बघ. फाईल नंतर.

मोठ्यांना ट्रेडमिलवर पळवून हृदय तपासतात ना? तान्ह्याची ट्रेडमिल म्हणजे दूध पिणं. चोखायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा, सगळं एका तालात. दिवसभरात त्याला याहून मोठं काम नसतं. हृदय थकलेलं बाळ भुकेलेलं असतं, आधाशासारखं तोंड लावतं, पाच-सात घोट घेतं आणि सोडून देतं. कपाळावर बारीक घाम, खोली गार असली तरी. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. मग डोळे मिटतात. आई म्हणते, "पोट भरलं, झोपलं." पोट भरलेलं नसतं गं, ते दमलेलं असतं. अर्ध्या तासात उठून परत रडतं, आणि त्या रडण्यात उरलीसुरली ताकद घालवतं.

म्हणून आमच्याकडे एका वेळचं दूध २० ते ३० मिनिटांत संपवायचं. त्यापुढे पाजत बसलं तर जेवढं पोटात जातं तेवढं पाजण्यातच खर्च होतं. उरलेलं नाकातल्या नळीने. दर तीन तासांनी थोडं थोडं, डोकं वर, अर्धवट बसवून. आणि रडायची वाट बघायची नाही. मूठ तोंडाकडे जायला लागली, ओठ चाळवले की पाजायला घ्यायचं. अंग पुसणं, सुई, एक्स-रे हे सगळं एकत्र उरकायचं आणि मग त्याला सलग झोपू द्यायचं. दर वीस मिनिटांनी कुणीतरी येऊन बाळाला हात लावतंय, हे आपल्या वॉर्डातलं सगळ्यात मोठं पाप.

नळीबद्दल एक सांगते. आयांना वाटतं नळी म्हणजे आपण हरलो. मी म्हणते, चढण चढताना हातातली पिशवी दुसऱ्याने घेतली, एवढंच. नळीतून दूध जात असताना चोखणी तोंडात देते. चोखणं आणि पोट भरणं यांची सांगड सुटू द्यायची नाही, नाहीतर ऑपरेशननंतर बाळ तोंडाने घ्यायलाच तयार होत नाही.

घड्याळवाली
+१ सिस्टरताईंना. थोडी भर घालते.

या बाळांना दिवसाला किलोमागे १२० ते १५० कॅलरी लागतात, निरोगी तान्ह्यापेक्षा बऱ्याच जास्त, कारण नुसता श्वास घेण्यातच त्यांची मजुरी होते. आणि दुसरीकडे द्रवपदार्थावर बंधन. कमी दुधात जास्त कॅलरी बसवायच्या म्हणजे आहारतज्ज्ञांकडून दुधात फोर्टिफायर घालून घ्यावं लागतं. घरी आपल्या मनाने पावडर जास्त टाकून दूध घट्ट करणारे पालक भेटतील, त्यांना प्रेमाने थांबवायचं. मूत्रपिंडावर ताण येतो, जुलाब लागतात.

वजन रोज. तोच काटा, तीच वेळ, पाजायच्या आधी, उघड्या अंगाने. वजन वाढलं म्हणून लगेच हरखून जायचं नाही. निरोगी तान्हं दिवसाला २०-३० ग्रॅम वाढतं. एका रात्रीत १०० ग्रॅम वाढलं तर ते मांस नव्हे, पाणी.

रात्रपाळी
सूज पायावर बघायची ना? मोठ्यांच्यात घोट्यावर बोट दाबायची सवय आहे.

घड्याळवाली
तिथेच चुकशील. तान्हं दिवसभर आडवं असतं, त्याच्या पायात पाणी कशाला उतरेल? पापण्या बघ, चेहरा बघ, पाठीखाली कमरेच्या मागे हात घाल. आणि यकृत. उजव्या बरगडीखाली बोटं हळूच टेकवून किती खाली आलंय ते बघतात. तुझ्या वॉर्डातले डॉक्टर पेनाने खूण करत असतील, ती आंघोळीत पुसू देऊ नकोस.

लघवी मोजायला डायपर आधी कोरडा तोल, मग ओला. १ ग्रॅम म्हणजे १ मिली. तासाला किलोमागे १ मिलीच्या खाली गेलं की कळवायचं. श्वास झोपेत मोजायचे, पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालत नाही, तान्ह्याचा श्वास थांबत-थांबत चालतो. शांत झोपेत ६० च्या वर म्हणजे काहीतरी आहे.

औषधमापी
मी फार्मसीतला. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

हे औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅममध्ये दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट डोस. मुलांसाठीचं पातळ औषध बहुतेक ठिकाणी १ मिलीमध्ये ५० मायक्रोग्रॅम असतं. जुन्या परिचारिकांचा आडाखा आहे की तान्ह्याला एका वेळी १ मिलीच्या वर सहसा लागतच नाही. सिरिंजमध्ये त्याहून जास्त भरलेलं दिसलं की थांबायचं आणि हिशेब पुन्हा करायचा. दुसऱ्या नर्सने स्वतंत्र हिशेब करायचा, तुझा कागद बघून मान डोलवायची नाही.

देण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप लावून पूर्ण एक मिनिट ठोके. तान्ह्याचे ९० ते ११० च्या खाली, मोठ्या मुलाचे ७० च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारायचं. नेमका आकडा प्रत्येक मुलासाठी लिहून घ्या. दुधाच्या बाटलीत मिसळायचं नाही, कारण बाळाने अर्धी बाटली सोडली तर किती गेलं ते कुणालाच कळणार नाही. दूध पाजायच्या एक तास आधी किंवा दोन तासांनी. उलटी झाली तर परत द्यायचं नाही. हा नियम घरच्यांना दहादा सांगावा लागतो, कारण उलटी झाली की 'औषध पडलं' म्हणून पुन्हा पाजण्याकडेच सगळ्यांचा कल. आणि उलटी हे तर याच औषधाच्या विषबाधेचं पहिलं लक्षण असू शकतं! एखादा डोस राहिला आणि चार तास उलटून गेले तर तो सोडून द्यायचा, पुढचा नेहमीच्या वेळी.

सोबत फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू असेल तर पोटॅशियमवर डोळा. पोटॅशियम उतरलं की तोच डिगॉक्सिनचा डोस जड जातो.

रात्रपाळी
मॉनिटरवर ठोके दिसतातच की. स्टेथोस्कोप लावून पुन्हा का मोजायचे? खोचक नाही विचारत, खरंच विचारतेय.

औषधमापी
मॉनिटर ईसीजीची उंच लाट मोजतो. एखाद्याची टी लाटच उंच असेल तर तो एका ठोक्याचे दोन मोजतो, ७५ चे १५० दाखवतो. आणि डिगॉक्सिन आधी ताल बिघडवतं. मध्येच एक ठोका गाळला गेला, ते कानाला कळतं.

निळूची_आई
मी नर्स नाही. माझ्या मुलाला टेट्रालॉजी ऑफ फॅलो होतं, आता ऑपरेशन होऊन मोठा झालाय. नाव घरातलं, ओठांच्या रंगावरून पडलेलं. आता त्याला आवडत नाही.

तो पाच महिन्यांचा असताना एका सकाळी उठला, रडायला लागला आणि रडता रडता रंग बदलला. आधी ओठ, मग जीभ, मग सगळा चेहरा राखाडी-जांभळा. श्वास खोल आणि भराभर. रडणं बारीक होत गेलं आणि अंग सैल पडायला लागलं. त्या क्षणी मला फक्त एक गोष्ट आठवली. डिस्चार्जच्या दिवशी एका सिस्टरने कापडी बाहुली घेऊन करून दाखवलं होतं: पाठ आपल्या छातीला, दोन्ही गुडघे दुमडून त्याच्या छातीशी घट्ट, आणि आपण शांत. नुसतं दाखवलं नव्हतं, बाहुली माझ्या हातात देऊन तीनदा करून घेतलं होतं. मी तसंच धरलं, पुटपुटत राहिले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. ओठांना हळूहळू रंग आला. मग दवाखाना गाठला.

दुसऱ्यांदा झालं तेव्हा आम्ही दुसऱ्या गावी होतो. तिथल्या इमर्जन्सीमध्ये मी सांगतेय की याला असं धरू द्या, तर त्यांनी मला बाहेर काढलं आणि सलाईनसाठी शीर शोधायला लागले. तो किंचाळत होता आणि काळवंडत होता. शेवटी वयस्क सिस्टर आल्या, म्हणाल्या आईला आत घ्या आधी. माझ्या मांडीवर, गुडघे छातीशी, ऑक्सिजनचा मास्क तोंडाजवळ नुसता धरलेला. मग इंजेक्शन. कुणाला नावं ठेवायला लिहीत नाही. तू मोठ्यांच्या आयसीयूतून येतेस, तुझा हातही आधी शिरेकडे जाईल म्हणून लिहिलं.

जुनी_सिस्टर
निळूची आई, वाचताना घसा दाटला.

रात्रपाळी, हे का चालतं ते समजून घे म्हणजे विसरणार नाहीस. फॅलोमध्ये फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद आणि दोन जवनिकांमध्ये, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांमध्ये, भोक. रडण्याने ती वाट आणखी आवळली की निळं रक्त भोकातून सरळ महाधमनीत जातं. गुडघे दाबले की पायाकडच्या धमन्या दुमडतात, शरीराच्या बाजूचा दाब वाढतो, तिकडे जाणं अवघड झालं की रक्त नाइलाजाने फुप्फुसाकडे वळतं. शिवाय पायांतलं निळं रक्त परत वर यायचं थांबतं. चालायला लागलेली मुलं खेळता खेळता उकिडवी बसतात ती याचसाठी, त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

क्रम: गुडघे छातीशी, आई जवळ, ऑक्सिजन, मग डॉक्टर सांगतील तसं मॉर्फिन, सलाईन, बीटा-ब्लॉकर. असे झटके सकाळी उठल्यावर, रडल्यावर, दूध पिताना, शी करताना येतात. म्हणून या मुलांचं रक्त घ्यायचं तर सकाळी उठल्या उठल्या घेऊ नका.

या मुलांच्या सलाईनमध्ये हवेचा एक बुडबुडाही नको. आपल्यात तो फुप्फुसात अडकून विरतो, यांच्यात भोकातून थेट मेंदूकडे जाऊ शकतो. आणि पाणी कमी पडू द्यायचं नाही. ऑक्सिजन कमी म्हणून शरीर तांबड्या पेशी वाढवत राहतं, रक्त आधीच घट्ट असतं. जुलाब-उलट्या झाल्या आणि ते आणखी घट्ट झालं की गुठळी.

अवांतर: १९४४ च्या २९ नोव्हेंबरला जॉन्स हॉपकिन्समध्ये अशा निळ्या बाळावर पहिलं शंट ऑपरेशन (फुप्फुसाकडे जास्त रक्त वळवणारं) झालं. कल्पना हेलन टॉसिग यांची, हात ब्लॅलॉक यांचे, आणि प्रयोगशाळेत कुत्र्यांवर ते तंत्र बसवणारे व्हिव्हियन थॉमस ब्लॅलॉकच्या मागे स्टुलावर उभं राहून सांगत होते. टॉसिगबाईंना ऐकू कमी येत असे, त्या मुलांच्या छातीवर बोटं ठेवून हृदय 'वाचायच्या'. मी नव्या मुलींना हे सांगते आणि मग म्हणते, आता तुझा हात ठेव.

अर्धा_श्वास
मी निवासी डॉक्टर. निळ्या बाळांबद्दल एक कबुली. पहिल्या महिन्यात मॉनिटरवर सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, ८० टक्के दिसलं की मी धावत जाऊन ऑक्सिजन वाढवायचो. एका सिस्टरने हात धरून थांबवलं. काही हृदयविकारांत, विशेषतः एकच जवनिका काम करत असेल तेव्हा, ७५ ते ८५ हेच लक्ष्य असतं. ऑक्सिजन फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या सैल करतो. जास्त दिला तर सगळं रक्त फुप्फुसाकडे धावतं, शरीराला उरत नाही. मॉनिटरवर ९५ दिसतं, सगळे खूश, आणि लघवी बंद, हातपाय गार.

म्हणून पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये पहिला प्रश्न: या बाळाचं नेहमीचं सॅच्युरेशन किती? वरची-खालची मर्यादा पलंगाजवळ लिहिलेली हवी. अलार्मही त्यावर लावायचा, नाहीतर तो अखंड वाजतो आणि दुसऱ्या दिवसापासून कुणी ऐकत नाही.

प्रोस्टाग्लँडिन चालू असलेलं नवजात बाळ असेल तर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि मास्क हाताशी. त्या औषधाने धमनीची जन्माआधीची वाट उघडी राहते, पण श्वास थांबू शकतो. आणि ती शीर जपायची, तिच्यातून दुसरं काही सोडायचं नाही.

रात्रपाळी
वाचनखूण साठवली. आता रक्ताच्या बाजूचं कुणीतरी लिहा. आणि ही दोन टोकं एकाच वॉर्डात का ठेवतात? निव्वळ जागेची सोय?

पिशवीवाला
रक्तपेढीत आहे. जागेची सोय असेलही, पण दोन टोकं नाहीत ती. हिमोग्लोबिन ४ वर आलेलं मूल आणलं की त्याचं हृदय आधीच दमून गेलेलं असतं, पातळ रक्त वेगाने फिरवून फिरवून. त्याला झटपट रक्त चढवलं तर हृदय तिथेच हात टेकतं. एरवी आपण किलोमागे १० ते १५ मिली देतो, अशा मुलाला ५ मिली, चार तासांत, हळू. सोबत लघवीचं औषध द्यायचं का ते डॉक्टर ठरवतात. वॉर्डातून फोन येतो, "एवढीशी पिशवी का पाठवली?" मुद्दामच एवढीशी पाठवलेली असते.

मुलांना रक्त देताना माझी कळकळ अशी की पलंगाशी उभं राहून, दोघांनी, मोठ्याने वाचा. नाव, नोंदणी क्रमांक, गट, पिशवीचा नंबर, तारीख. मनगटावरच्या पट्टीवरून, खोली किंवा पलंगाच्या नंबरावरून नाही. लहान मूल कुणाच्याही नावाला 'हो' म्हणतं. पलंग बदललेले असतात, जुळी असतात. आईला नाव विचारा, 'हा अमुकच ना?' असं विचारू नका. घाबरलेली आई मान डोलावते.

पिशवी आली की अर्ध्या तासात सुरू, चार तासांत संपवा. रेडिएटरवर, गरम पाण्यात, काखेत गरम करू नका. हसू नका, पाहिलंय. नळीत फक्त नॉर्मल सलाईन. डेक्स्ट्रोज गेलं की पेशी फुटतात. पहिली १५ मिनिटं अगदी हळू आणि जवळच थांबा. मूल 'थंडी वाजते' म्हणेल, कंबर दुखते म्हणेल, तान्हं असेल तर नुसतं बेचैन होईल. काही झालं तर पिशवी बंद, नळी बदला, शीर सलाईनने चालू ठेवा, आणि ती पिशवी टाकून देऊ नका, आम्हाला परत पाठवा.

थॅलबाबा
माझी मुलगी थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त, वयाच्या आठव्या महिन्यापासून. पिशवीवाल्यांच्या शेवटच्या ओळीला साष्टांग नमस्कार.

हृदय-रक्त एका वॉर्डात का, याचं उत्तर माझ्या घरात आहे. प्रत्येक पिशवीतून २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि शरीराला ते बाहेर टाकायची वाटच नाही. ते यकृतात साठतं, ग्रंथींत साठतं, आणि हृदयात साठतं. डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, रक्ताचा आजार आहे पण सांभाळायचं हृदयाला. रक्ताने मूल वाचतं, लोह काढणाऱ्या औषधाने ते मोठं होतं.

लहानपणी पोटावर कातडीखाली सुई आणि पंप, रात्री आठ-दहा तास, आठवड्यात पाच-सहा रात्री. आता गोळी आहे. गोळी सोपी म्हणून चुकवणंही सोपं. वय वर्षं तेराला तिने तीन महिने गोळ्या उशीखाली लपवल्या. फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) चढलं तेव्हा कळलं. आम्ही ओरडलो. वॉर्डातल्या सिस्टरने ओरडल्याशिवाय विचारलं, "कधी नको वाटतं?" उत्तर आलं, मैत्रिणी राहायला येतात तेव्हा. मग वेळ बदलून घेतली. तेवढंच होतं.

नर्सताई, एक विनंती. तिची शीर आम्हाला पाठ आहे. कुठली चालते, कुठली फुटते, ती स्वतः सांगते. पहिला प्रयत्न तिने दाखवलेल्या शिरेत करा.

रात्रपाळी
लिहून घेतलं. तिलाच विचारेन.

वाकडा_गुडघा
मी हिमोफिलिया ए, आता चाळिशीचा. डावा गुडघा वयाच्या सातव्या वर्षापासून असा आहे.

सांध्यात रक्तस्राव सुरू होतो तेव्हा आधी आत मुंग्या येतात, गरम वाटतं, भरल्यासारखं वाटतं. बाहेर काहीही दिसत नाही. सात वर्षांचा असताना मी सांगितलं, "आत सुरू झालंय." ड्युटीवरच्यांनी गुडघा बघितला, म्हणाले सूज कुठाय, शाळा चुकवायचीय का? सूज आली दुपारी. फॅक्टर (रक्त गोठवणारा घटक) मिळाला संध्याकाळी. त्या एका दिवसाची किंमत अजून जिना चढताना मोजतो.

मूल म्हणालं सुरू झालंय, की सुरू झालंय. आधी फॅक्टर, मग तपासण्या. डोक्याला मार लागला असेल तर सीटी स्कॅनच्या रांगेतही नाही थांबायचं, फॅक्टर देऊन मग स्कॅन. स्नायूत इंजेक्शन नको. लस द्यायचीच असेल तर बारीक सुई, आणि नंतर निदान पाच मिनिटं दाब, चोळायचं नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल.

नवखा_बाबा
आयब्युप्रोफेन चालतं ना थोडं? आमच्या बाळाला तापात आराम पडतो त्याने. निदान गेल्याच महिन्यात झालंय.

औषधमापी
नाही. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही नको. प्लेटलेटचं काम मंदावतं, आधीच न गोठणाऱ्या रक्तात आणखी भर. घरातल्या सर्दी-तापाच्या बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचा, मिश्रणात लपलेलं असतं. आणि आज तुमच्या डॉक्टरांना फोन करून सांगा की दिलं होतं. कुणी रागावणार नाही.

नवखा_बाबा
फोन केला. धन्यवाद. बायको सारखी म्हणतेय, "माझ्यामुळे झालं, मी वाहक आहे ना."

वाकडा_गुडघा
माझी आईही म्हणायची. साधारण एक तृतीयांश मुलांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो. तिला सांगा, आणि त्या दुःखात रेंगाळू द्या थोडं तिला, लगेच समजूत घालू नका. नंबर संपर्कातून पाठवतो, बोलू.

दुखणं_मापक
सिकल सेलसाठी थोडं. मी याच वॉर्डात अकरा वर्षं.

पहिले चार-सहा महिने ही बाळं ठणठणीत दिसतात, कारण गर्भातलं हिमोग्लोबिन अजून शिल्लक असतं. मग एक दिवस दोन्ही हातांची बोटं, पावलं फुगतात आणि बाळ पाय टेकू देत नाही. पडलं असेल, कुणी मारलं असेल, अशा शंका घेतल्या जातात. तो हाडातला पहिला झटका असतो.

बर्फाचा शेक कधीही नको. थंडीने शिरा आवळतात, विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी आणखी अडकतात. ऊब, पाणी, आणि वेळेवर वेदनाशामक. 'मोबाइल बघतोय, म्हणजे दुखत नसेल' हे वाक्य मी वॉर्डात बंद केलंय. मुलं दुखणं विसरायलाच मोबाइल बघतात. बोलता न येणाऱ्यांचं चेहरा, पाय, हालचाल, रडणं, शांत होणं या पाचावर मोजायचं, प्रत्येकाला ० ते २. बोलणाऱ्याला विचारायचं आणि तो सांगेल तो आकडा लिहायचा, आपल्याला वाटतो तो नाही.

जागं असताना दर दोन तासांनी दहा खोल श्वास, स्पायरोमीटरचे चेंडू वर उडवून. छाती दुखते म्हणून मूल वरवरचा श्वास घेतं आणि फुप्फुसात गडबड सुरू होते. ताप ३८.५ अंशांवर गेला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, यांची प्लीहा कामातून गेलेली असते, जंतू अडवायला कुणी नाही. आईबाबांना डाव्या बरगडीखाली प्लीहा चाचपायला शिकव. अचानक मोठी लागली आणि मूल पांढरं पडलं तर अंगातलं रक्त तिथे अडकलंय, ताबडतोब निघायचं.

घड्याळवाली
ल्युकेमिया राहिलंच. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५०० च्या खाली आणि ताप, तर तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून गेलं पाहिजे. रिपोर्टची वाट बघत नाही. गुदद्वारातून तापमान नाही, सपोझिटरी नाही. आणि लाल रंगाचं औषध चालू असेल तर तिथेही हृदय आलंच. हे डॉक्सोरुबिसिन हृदयाला जड जातं, म्हणून त्याचा एकूण डोस जन्मभराच्या हिशेबात धरतात, आधी आणि नंतर इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. लघवी लाल होईल हे मात्र आईला आधी सांग. मी एकदा विसरले, ती किंचाळत वॉर्डभर धावली.

रात्रपाळी
पहिला आठवडा संपला. सगळ्यांसाठी वृत्तांत.

तिसऱ्या रात्री तीन महिन्यांचं बाळ, जवनिकांमध्ये मोठं भोक, ऑपरेशनसाठी वजन वाढायची वाट बघत असलेलं. चार्टवर लिहिलेलं: 'दूध व्यवस्थित घेते'. मी खुर्ची ओढून बसले. आठ घोट, थांबली. कपाळ ओलं. परत चार. घड्याळ बघितलं तर ५० मिनिटं झाली होती आणि बाटलीत अर्ध्याहून जास्त शिल्लक. आई म्हणाली, "संपवतेच मी रोज, दीड तास लागतो." अभिमानाने म्हणाली. मी काही बोलले नाही, डॉक्टरांना फोन केला. त्या रात्रीपासून ३० मिनिटं तोंडाने, उरलेलं नळीने. नळी टाकताना आई बाहेर जाऊन उभी राहिली. जुनी_सिस्टर, तुमचं पिशवीचं वाक्य तिला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "मग पिशवी परत कधी घ्यायची मी?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. ऑपरेशननंतर बघू म्हटलं.

आज सकाळी वजन पाच दिवसांत ९० ग्रॅम वर. पापण्या बघितल्या, पाठीखाली हात घातला, यकृताची खूण तिथल्या तिथेच. पाणी नाही.

जुनी_सिस्टर
काटा तोच होता ना?

रात्रपाळी
तोच. उघडी होती. आणि माझ्या युनिफॉर्मवर मुतली.

घड्याळवाली
मग ते मिली चार्टवर कसे लिहिलेस?